‘चोले जाच्छे’ म्हणजे कुठे?

माणिकताई दाबके यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "चहा खाणार ना?"

बालीगंजमध्ये आपल्या मंडळाचा गणपती होता. पुण्याहून इकडे बंगालमध्ये बदली होऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते, ओळखीचं कोणी नव्हतं आणि मी प्रसादाचा द्रोण हातात धरून भिंतीशी उभा होतो. पांढऱ्या केसांच्या, सुती साडी नेसलेल्या एक बाई सरळ माझ्यासमोर येऊन थांबल्या. नाव, गाव, कार्यालय अशी कसलीही चौकशी न करता त्यांनी मला चहा खायला बोलावलं. मी म्हटलं, "चहा पितो मी." त्या म्हणाल्या, "तेच. चला." बंगालीत चहा, पाणी, औषध सगळं ‘खातात’ आणि इथे जन्मलेल्या मराठी माणसाच्या तोंडी तेच बसून जातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाईंचं मराठी जरा कच्चं दिसतंय, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. आम्हा दोघांत भाषेला कच्चं कोण, याचा निकाल पुढे दोन वर्षांनी लागला आणि तो माझ्या विरुद्ध गेला. ताईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिही म्हटल्यावर मला तीच हकिकत आठवली. माझी फजिती आणि त्यांचं मोठेपण त्या एकाच हकिकतीत आहे.

माणिकताईंना ओळखत नाही असा माणूस मंडळात शोधावा लागेल. तरी नव्या सभासदांसाठी थोडं सांगतो. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि ताईंचं बालपण गार्डन रीचच्या वसाहतीत गेलं. पुढे बेहालातल्या एका महाविद्यालयाच्या संध्याकाळच्या वर्गांना त्यांनी निवृत्त होईपर्यंत वाणिज्य शिकवलं. दिवसभर कुठल्या ना कुठल्या दुकानात उभी राहिलेली मुलंमुली त्यांच्यापुढे येऊन बसत. मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा फळ्यावर काढण्याआधी ताई वर्गाला विचारत, "आज तुमच्या दुकानातून काही न घेता किती जण परत गेले? का गेले?" त्यांचे जुने विद्यार्थी अजूनही सांगतात, की या प्रश्नाच्या धाकाने आम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायला शिकलो.

ताईंची खरी ओळख म्हणजे त्यांची ‘फेरी’. वर्षातून दोनदा, दुर्गापूजेच्या आधी आणि कोजागरीची लक्ष्मीपूजा आटोपल्यावर, त्या बेहालातल्या एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजू पायी फिरतात. कोणतं दुकान उघडं आहे, कोणतं बंद, कोणाकडे नवीन माणूस दिसला, कोणाचा जुना माणूस दिसला नाही, एवढंच टिपतात आणि दोन पानांचं टिपण लिहून मागेल त्याला देतात. पूजेआधी सगळे फिरतात, पूजेनंतर कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "लग्नघरात सगळेच छान दिसतात. मांडव उतरला की जाऊन बघावं," असं त्या म्हणाल्या. साथीच्या काळात दुकानांची शटर ओढलेली होती. तेव्हाही बाहेर पडायची परवानगी मिळाली त्या दिवशी ताई मास्क लावून निघाल्या आणि कोणत्या शटरवर कोणती चिठ्ठी चिकटवली आहे ते लिहून आणलं. त्यांच्या चिरंजीवांनी बंगळुरूहून फोनवर बरीच आदळआपट केली, असं ऐकतो. ताईंनी फोन शांतपणे कानाला लावून ठेवला आणि चिठ्ठ्यांची यादी स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढली.

त्यांच्या मायेचाही एक प्रसंग सांगायला हवा, कारण पुढच्या हकिकतीतली एक व्यक्ती त्यातूनच आमच्या ओळखीची झाली. माझी आई पुण्याहून माझ्याकडे राहायला आली आणि पंधरा दिवसांत कोमेजली. शेजार चांगला होता, पण बोलायचं कोणाशी? ताईंना हे कळलं. दुसऱ्याच दिवशी त्या आल्या आणि आईला बेहालाच्या बाजारात शिखादींच्या दुकानात घेऊन गेल्या. शिखादींचं ब्लाउज शिवण्याचं लहानसं दुकान आहे. ताई त्या दोघींना तिथे सोडून स्वतः भाजी घ्यायला गेल्या, त्या दीड तासाने उगवल्या. संध्याकाळी आई मला म्हणाली, "बाई फार छान बोलते रे." मी विचारलं, "काय बोलल्या?" आई म्हणाली, "ते कुठे कळलं?" त्यानंतर आईचे ब्लाउज दर महिन्याला कुठे ना कुठे सैल तरी होऊ लागले नाहीतर घट्ट तरी.

आता माझ्या फजितीकडे येतो. मी लहान व्यवसायांशी संबंधित एका केंद्रीय कार्यालयात अधिकारी आहे. आमच्या कार्यालयाचं बेहालात एक शिलाई प्रशिक्षण केंद्र चालतं. आजूबाजूच्या बायका-मुली तिथे शिकतात आणि त्याच बाजारातल्या दुकानांत कामाला लागतात. साथ येऊन गेली, मेट्रोच्या कामाने रस्ता बरीच वर्षं खणलेला राहिला, त्यात लोक फोनवरून कपडे मागवू लागले. बाजारात कामच उरलं नसेल तर केंद्र तिथे कशाला, असा प्रश्न वर निघाला. केंद्र ठेवायचं की शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं, हे ठरवण्यासाठी त्या भागातली दुकानदारी आणि रोजगार पुढे कसा राहील यावर अहवाल मागवला गेला. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं.

केंद्र हललं असतं तर काय झालं असतं हे शिखादींनी मला ताईंमार्फत आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या दुकानात चार मशिनं आहेत. वाईट दिवसांत त्यांना दोघींना घरी बसवावं लागलं होतं. "काम वाढलं की पहिला निरोप तुम्हालाच," असा शब्द त्यांनी त्या दोघींना दिला होता. त्या दोघी मधल्या काळात केंद्रात नवीन काम शिकत होत्या आणि त्याच कामाच्या जोरावर शिखादी नवी गिऱ्हाइकं घेणार होत्या. घरात लहान मुलं, चालत जाता येईल एवढंच अंतर त्यांना जमणारं. केंद्र गेलं की त्यांचं शिकणं संपणार आणि शिखादींचा शब्दही राहून जाणार. रिकाम्या दोन मशिनांवर जुन्या चादरी घालून ठेवल्या होत्या. शिखादी रोज सकाळी त्या झटकून पुन्हा घालत.

मी कोजागरीनंतरच्या आठवड्यात वही घेऊन निघालो. बंगाली आपल्याला येतं, असा माझा समज होता. लिपी वाचता येत होती आणि पाठ केलेली दहा-बारा वाक्यं होती. त्यांतलं एक घेऊन मी दुकानोदुकानी फिरलो, "दोकान केमोन चोलछे?" दुकान कसं चाललंय? आणि एकामागून एक दुकानदार मान किंचित हलवून सांगत गेले, "ओई, चोले जाच्छे." साडीवाले तेच म्हणाले, भांडीवाले तेच म्हणाले, शिखादीही तेच म्हणाल्या. मी कामाला आलो आहे म्हणून त्यांच्याशीही मी अधिकाऱ्यासारखा बोललो आणि त्यांनीही अधिकाऱ्याला द्यावं तसं उत्तर दिलं. पूजा संपून बाजार पेंगुळलेला, अर्धी शटर दुपारपर्यंत खाली. मला वेगळी शंका यायचं कारणच नव्हतं. ‘चोले जाच्छे’ म्हणजे चालले, निघून जात आहेत. मला फार वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी अहवाल उत्तम भाषेत लिहिला. ‘बहुसंख्य व्यावसायिकांनी हा परिसर सोडून जात असल्याचे स्वतःहून सांगितले,’ हे त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे. सगळ्या रस्त्यावर फक्त एका चपला-बुटांच्या दुकानदारांनी छाती पुढे काढून ‘खूब भालो’, म्हणजे फार छान, असं सांगितलं होतं. त्यांचा उल्लेख मी ‘आशादायक अपवाद’ असा केला. शुक्रवारी अहवाल वर पाठवून दिला.

रविवारी मी ताईंचा डबा परत करायला त्यांच्या घरी गेलो. पूजेनंतर नारळाचे लाडू करून त्यांनी आईसाठी पाठवले होते. चहा समोर आला.

"काय म्हणतो आमचा बाजार?" त्यांनी विचारलं.

"वाईट आहे ताई. सगळे चाललेत."

"कुठे?"

"दुकानं सोडून. जवळजवळ प्रत्येकाने तसंच सांगितलं."

"शिखानेही?"

"हो."

ताईंनी बशी खाली ठेवली. "काय म्हणाली? तिचे शब्द सांगा. तुमचे नकोत."

मी वही उघडली. "मी विचारलं, दोकान केमोन चोलछे. त्या म्हणाल्या, चोले जाच्छे."

ताईंनी बशी पुन्हा उचलली. मग अगदी सहज आवाजात त्यांनी विचारलं, "बापट, तुमचं ऑफिसात कसं चाललंय?"

"चाललंय," मी म्हटलं.

"कुठे?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा घशातला चहा वर आला. ‘चोले जाच्छे’ म्हणजे निभतंय, भागतंय, आपलं चाललंय. हेच शब्द बंगालीत निघून जाणाऱ्यालाही लावतात, जसं आपण ‘चाललो’ म्हणतो. पण दुकान कसं आहे असं विचारल्यावर कोणी ते सांगितलं तर अर्थ एकच. बंगालीचं जाऊ द्या. हा शब्द माझ्या स्वतःच्या भाषेत जसाच्या तसा होता, दिवसातून दहादा माझ्या तोंडी होता आणि मला तो ऐकू आला नाही. अख्खा बाजार मला ‘चाललंय’ म्हणत होता आणि मी त्याला सामानासकट गाडीत बसवून दिलं होतं.

ताई हसल्या. डोळ्यांना पदर लावून, पोट धरून हसल्या, आणि खोटं कशाला सांगू, मलाही हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "अहवाल कुठे आहे?" शुक्रवारीच गेला म्हटल्यावर त्यांचं हसू थांबलं. "त्या अहवालावर शिखाच्या दोन बायका आस लावून बसल्या आहेत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "उद्याच दुरुस्त करतो. बाजार उत्तम चालला आहे असं लिहितो."

"तेही खोटंच," ताई म्हणाल्या. "बापट, ‘चाललंय’ म्हणणारा माणूस आपल्याला काही सांगत नसतो. तो फक्त दार बंद नाही एवढं दाखवतो. त्याचं खरं काय ते दुसऱ्याला विचारायचं."

हे दुसरे म्हणजे परेशदा. त्या रस्त्यावर गेली कित्येक वर्षं किटली घेऊन दुकानोदुकानी चहा देणारे. सोमवारी मी साहेबांकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि तीन दुपारी ताईंबरोबर फिरलो. सत्तरी ओलांडलेल्या बाई पुढे आणि मी मागे. ताईंची पद्धत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुकानात किती माणसं कामाला आहेत हे दुकानदार चारचौघांत नीट सांगत नाही. पण मालक आपल्या माणसांना चहा देतो आणि किती कप आत गेले हे परेशदांना ठाऊक असतं. ताई त्यांना दुकानाचं नाव घेऊन विचारत. परेशदा त्यांना ‘दीदीमोणी’ म्हणतात, म्हणजे शिक्षिकाबाई. साडीवाल्यांचं नाव घेतलं की "आगे तीनटा, एखोन पाँचटा, दीदीमोणी," असं ते किटली खाली न ठेवता सांगत. आधी तीन, आता पाच. ते दोन कप कोणाचे म्हणून आत जाऊन पाहिलं तर एक मुलगी फोनसमोर साड्या उलगडून दाखवत होती आणि दुसरी गठ्ठे बांधत होती. फोनवरच्या खरेदीने ज्यांचा धंदा खाल्ला असं मी लिहिलं होतं, ते फोनवरूनच विकायला लागले होते. भांडीवाल्यांकडे कप तेवढेच होते. पूजेपुरते वाढलेले कप कुठे उतरले आणि कुठे उतरले नाहीत, हे ताईंनी वेगळं लिहायला लावलं. "न उतरलेले तेवढेच रोजगार," त्या म्हणाल्या.

चपला-बुटांच्या दुकानाशी आम्ही आलो. मी पुढे होऊन म्हटलं, "हे मात्र जोरात आहे." परेशदा म्हणाले, "ओखाने आर चा जाय ना." तिथे आता चहा जातच नाही. मालकांनी जागा दुसऱ्याला द्यायचं ठरवून टाकलं होतं आणि माणसांना आधीच निरोप दिला होता. जागा द्यायची असलेला माणूस सरकारी वहीपुढे दुकान पडतं आहे असं कशाला सांगेल? म्हणजे सगळ्या रस्त्यावर जे एकटे खरोखर निघाले होते, त्यांनाच मी आशादायक ठरवलं होतं. ताईंनी या वेळी मला हसून घेतलं नाही. उलट त्या मालकांपाशी त्या बराच वेळ बसल्या, त्यांच्या दोन माणसांची नावं विचारून घेतली आणि त्याच आठवड्यात त्यांतल्या एकांना साडीवाल्यांकडे लावून दिलं. दुसऱ्यांचं काही जमलं नाही, ते गावी गेले. तेही अहवालात यायला हवं, असा ताईंचा आग्रह होता.

शेवटच्या परिच्छेदावर आमचं थोडं वाजलं. मेट्रो सुरू झाल्यामुळे गिऱ्हाईक वाढेल असं मी लिहिलं. ताई म्हणाल्या, "मेट्रो दोन्ही बाजूंना जाते, बापट. येणारे येतात तसे मॉलला जाणारेही जातात." शेवटी वाक्य ठरलं ते असं: सुधारणा हळू आहे, सगळीकडे सारखी नाही, पण खरी आहे, आणि शिवणाऱ्या हातांना या बाजारात काम आहे.

मग सोबतचं पत्र. मी लिहिलं होतं, ‘अधिक माहिती उपलब्ध झाल्याने सुधारित अहवाल सादर करीत आहे.’ ताईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे खरं नाही. माहिती तेव्हाही होती. कारण लिहा." मी म्हटलं, "ताई, माझी शोभा होईल." त्या म्हणाल्या, "होऊ दे की. पण साहेबांना दोन्ही अहवालांत फरक का पडला ते कळलं नाही, तर ते पहिल्यावरच विश्वास ठेवतील. तो जास्त चांगल्या भाषेत लिहिलाय तुम्ही." मग मी लिहिलं, की एका बंगाली शब्दप्रयोगाचा मी चुकीचा अर्थ घेतला आणि तो अमुक आहे. नोकरीत इतकं अवघड वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

आमचे साहेब बंगाली. त्यांनी मला आत बोलावलं, पत्र समोर ठेवलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "बापटबाबू, केमोन आछेन?" कसे आहात? मी म्हटलं, "चोले जाच्छे, सर." साहेब म्हणाले, "जाबेन ना. बोशून." जाऊ नका, बसा. मग ते इतके हसले, की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. पण नंतर त्यांनी दुसरा अहवाल पहिल्या ओळीपासून वाचला, कपांबद्दल चार प्रश्न विचारले आणि पंधरा दिवसांनी निर्णय आला. केंद्र बेहालातच राहिलं. कागद हातात पडला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो आणि कितीतरी दिवसांनी पूर्ण श्वास घेतला. माझ्या एका न ऐकलेल्या शब्दापायी दोन बायकांचं काम जाणार होतं, ते वाचलं. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं. शिखाला तुम्ही स्वतः जाऊन सांगा. फोनवर नको."

मी गेलो. शिखादींनी ऐकून घेतलं. उठून एका मशिनावरची चादर काढली, मग दुसऱ्यावरची काढली, दोन्हींची नीट घडी घालून मला म्हणाल्या, "या चादरी मासिमांना द्या, पायपुसण्याला होतील." मासिमा म्हणजे माझी आई. त्या चादरी आमच्या दारात अजून आहेत. आणि परेशदांच्या किटलीतून त्या दुकानात आता पाच कप जातात. शिखादींनी दिलेला शब्द पाळला आणि आणखी एका मुलीला घेतलं. तिच्यासाठी मशीन नाही, ती हातशिलाई करते.

त्या वर्षानंतर मी ताईंच्या दोन्ही फेऱ्यांना जातो. प्रत्येक वेळी सगळं वाढलेलंच सापडतं असं नाही. मागच्या खेपेला एक दुकान बंद झालेलं होतं, दोन नवी उघडली होती, आणि कप थोडे जास्तच निघाले. आता बाजाराबद्दल मला पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. त्याच्याकडे नीट बघणारं एक माणूस आहे एवढं पुरतं.

धास्ती वाटायची ती वेगळीच. गेले काही महिने मंडळात कुजबुज होती, की ताईंचे चिरंजीव त्यांना कायमचं बंगळुरूला नेणार आहेत. विचारायचं कोणी, यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गेल्या रविवारी मी या लेखाचं निमित्त करून बेहालाला गेलो. जाताना मनाशी शुभेच्छेचं वाक्य जुळवत होतो: माणिकताईंचे पाय आणि नजर अशीच शाबूत राहो, शंभरीच्या फेरीलाही त्या पुढे आणि मी मागे असो, आणि परेशदांच्या किटलीतला एक कप रोज त्यांच्या नावाने निघत राहो. ते वाक्य इथे लिहून ठेवतो, कारण तिथे मला ते बोलायला मिळालं नाही.

ताईंनी दार उघडलं. मी विचारलं, "ताई, कसं काय?"

"चाललंय," त्या म्हणाल्या.

मी दारातच विचारलं, "कुठे?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि कोणी काय विचारायला पाठवलं आहे ते सगळं त्यांना कळलं.

"कुठेही नाही," त्या म्हणाल्या. "बसा. चहा खा."